दारचें ऊन आणि सूनबाईची गाडी

विजेच्या गाड्यांविषयीं वर्तमानपत्रांतून जें कांहीं लिहून येतें, तें बहुधा शहरांना उद्देशून असतें. धूर कमी होईल, गोंगाट मिटेल, हवा स्वच्छ राहील, हे त्यांतील मुद्दे. आणि ते खोटे आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कोंकणांतील आमच्यासारख्या आडगांवच्या कुटुंबाला स्वच्छ हवेची वाण कधींच नव्हती. आमची वाण निराळी आहे. गांवापासून पेट्रोलचा पंप १९ किलोमीटरांवर. म्हणजे पेट्रोल भरावयाचें, तर जातां येतां ३८ किलोमीटरांचें पेट्रोल आधीं जाळावयाचें! गांवांतील दुकानांत तें बाटल्यांतून मिळतें. पण तें महागहि असतें आणि वस्तींत साठविणें धोक्याचेंहि असतें. तरी निरुपायानें लोक तेंच घेतात.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, व तिच्याविषयींच मला मुख्यतः लिहावयाचें आहे. पेट्रोल बाजारांतून आणावें लागतें. बाजाराला बहुधा पुरुष जातात. त्यामुळें घरांतील स्त्रीला गाडी चालवितां येत असली, तरी ती गाडी किती चालावी हें आणणारा ठरवितो. आमची धाकटी सूनबाई १४ किलोमीटरांवरील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहे. एस. टी. सकाळीं एकच, आणि तीहि शाळेच्या वेळेशीं जुळत नाहीं. पगार तिचा, गाडी तिची; परंतु "बाबा, आज तालुक्याला कोणी जाणार आहे का?" हा तिचा प्रश्न आठवड्यांतून दोनदां तरी ओटीवर ऐकूं येई. वीज तशी नाहीं. ती आपण होऊन घरांत येते, आणि भिंतीवरच्या सॉकेटाला गाडी लावण्यास कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. गाडी विजेची घ्यावी आणि वीज आपल्याच अंगणांतील उन्हांतून काढावी, हा विचार तिनेंच प्रथम मांडला.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तरी मॅट्रिकपर्यंतचें गणित विसरलों नाहीं. मोकळ्या आकाशाच्या दिवसांत एक किलोवॅटचीं पॅनेलें सुमारें ४ युनिट वीज देतात. सूनबाईला पसंत पडलेल्या गाडीची बॅटरी ३ युनिटांची. आमच्या चढउताराच्या रस्त्यावर एका युनिटांत २५ किलोमीटर धरले, तरी रोजच्या २८ किलोमीटरांस, चार्जिंगमधील घट जमेस धरून, सुमारें सव्वा युनिट पुरतें. हल्लींचें एकच मोठें पॅनेल दिवसाला दोन युनिटांपर्यंत वीज देतें. उलट लिटरास ४५ किलोमीटर जाणाऱ्या जुन्या गाडीला रोज साठ रुपयांहून अधिक पेट्रोल लागे; शाळेचे २४ दिवस धरले, तर महिन्याचे दीड हजार. केंद्र सरकारनें २०२४ सालीं सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेखालीं दोन किलोवॅटला ६०,००० रुपये, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतें. धाकट्या बंधूंनीं हा हिशेब तपासला आणि मान डोलाविली.

आक्षेप आला तो आमच्या आत्याबाईंकडून. त्यांनीं हिशेब ऐकून एकच प्रश्न विचारला : "गाडी घरीं येणार संध्याकाळीं. तेव्हां तुमचा सूर्य कोठें असतो रे?"

या प्रश्नांत सर्व विषयाचें मर्म आहे. ऊन असतें तेव्हां गाडी शाळेंत, आणि गाडी घरीं असते तेव्हां ऊन नाहीं. यावरील तोड अशी, कीं दिवसां जास्त झालेली वीज लाइनवर जाते, मीटर तिची नोंद ठेवतो, आणि रात्रीं आपण घेतलेल्या विजेंतून ती वजा होते. म्हणजे वीजकंपनी ही एक प्रकारची पेढी झाली. परंतु पेढीचें दार बंद असेल त्या दिवशीं ठेवीदाराच्या हातीं कांहीं येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें; खांब आडवे झाले आणि कित्येक गांवांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळीं छपरावर पॅनेलें असलीं तरी साध्या पद्धतीच्या यंत्रांतून घराला वीज मिळत नाहीं. लाइन गेली कीं यंत्र आपोआप थांबतें. कारण आपल्या छपरावरची वीज उलट लाइनवर गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. नियम सर्वथा योग्य आहे. पण तो पुष्कळांना पैसे भरल्यावर कळतो. लाइन नसतांनाहि वीज हवी, तर बॅटरीला जोडतां येणारा इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि त्यास बराच अधिक खर्च येतो. आम्ही तसा इन्व्हर्टर घेतला. बॅटरी मात्र ऐपतीप्रमाणें पुढें घ्यावयाची ठेविली.

जागेचा प्रश्न याहून नाजूक होता. घर कौलारू, आणि दक्षिणेला वडिलांच्या हातचा फणस. पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सबंध रांगेची वीज घटूं शकते. बंधूंचें मत फणस काढावा असें पडलें. आत्याबाईंनीं दोन दिवस त्यांच्याशीं भाषण केलें नाहीं. शेवटीं गोठ्यापलीकडील मोकळ्या जागेंत लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॅनेलें बसविलीं. वायर लांब झाली, खर्च वाढला. पण फणस राहिला. खाऱ्या हवेसाठीं सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला घेतला, आणि वाऱ्यासाठीं त्याचे पाय काँक्रीटांत खोल पुरले.

पण खरी कसोटी कागदावर लागली. योजनेचा अर्ज ज्याच्या नांवावर मीटर असेल त्यानें करावयाचा असतो. आमचा मीटर वडिलांच्याच नांवावर होता, आणि त्यांना जाऊन १७ वर्षें झालीं! माझा तर्क आहे कीं, वाचकांपैकीं अनेकांच्या मूळ घरीं हीच स्थिति असेल. नांव बदलावयाचें तर मुंबई-पुण्याच्या हिस्सेदारांचीं संमतिपत्रें हवींत. तीं जमवितां जमवितां तीन महिने गेले. आतां नांव कोणाचें लावावयाचें? रिवाजाप्रमाणें माझें. परंतु पॅनेलांची हमी २५ वर्षांची आणि माझें वय ६७. सूनबाईचें नांव लावावें असें मीं सुचविलें. बैठकींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. या घराच्या कोणत्याहि कागदावर आजवर सुनेचें नांव लागलें नव्हतें. बंधू म्हणाले, "दादा, लोक काय म्हणतील याचा विचार केलास का?" तेव्हां सुपारी कातरीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "गाडी तिची, तर ऊनहि तिच्याच नांवावर लावा." त्यावर कोणी बोललें नाहीं, आणि अर्ज गेला.

ज्यांना हा मार्ग धरावयाचा असेल त्यांस दोन गोष्टी आवर्जून सांगतों. पहिली, जुन्या घराचें वायरिंग तपासून गाडीसाठीं १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि उत्तम अर्थिंग करून घ्यावें. आमच्या जांभ्याच्या जमिनींत चैत्र-वैशाखांत ओल राहत नाहीं. अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालण्याचें काम आतां नातवाकडे आहे. पावसांत अंगणांतून वायर ओढून गाडी लावणें कटाक्षानें टाळावें. दुसरी, घराची दिनचर्या थोडी सूर्याप्रमाणें बांधावी. विहिरीचा पंप, कपड्यांचें यंत्र, मिक्सर हीं दुपारींच चालवावींत. सूनबाई शनिवारीं सकाळची शाळा आटोपून आली कीं भर उन्हांत गाडी लावते. पावसाळ्यांत ढगाळ दिवशीं वीज निम्म्याहूनहि कमी होते आणि लाइनहि वारंवार जाते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी निम्म्याखालीं उतरूं द्यावयाची नाहीं, असा नियम केला आहे.

हें सर्व ज्यांना परवडतें त्यांचें झालें. अनुदान मागाहून खात्यावर जमा होतें, पैसे आधीं उभे करावे लागतात. खालच्या वाडींतील कित्येक घरांना तें शक्य नाहीं, आणि सबंध गांवानें एकत्र येऊन केल्याखेरीज तें होणारहि नाहीं. सातारा जिल्ह्यांत, पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरली. म्हणजे गांवानें मनावर घेतलें तर होतें.

सूर्यनमस्कार घालतांना आपण जीं बारा नांवें घेतों, त्यांत 'पूषन्' हें एक आहे. वेदांत पूषन् हा पोषण करणारा, तसाच वाटांचा राखणदार आणि प्रवाशांना सुखरूप पोंचविणारा देव आहे. वर्गांत हा अर्थ मीं किती वेळां सांगितला असेल. मुलें तो वहींत उतरून घेत, आणि पुढें जात. आतां नातवाला सांगतों, तर तो गाडीकडे बोट दाखवितो.

सूनबाईचें माहेर आमच्यापासून ३१ किलोमीटरांवर आहे. पूर्वीं तिकडे जावयाचें म्हणजे दोन एस. टी. बदलून, मुक्कामाच्या बेतानें, आणि घरांत चार जणांच्या सोयी पाहून. गणपति झाल्यानंतरच्या एका रविवारीं ती सकाळीं आठ वाजतां आत्याबाईंना सांगून निघाली, दुपारीं आईजवळ जेवली, आणि दिवेलागणीच्या आंत परत आली. तालुक्याला कोण जाणार आहे, हें तिला कोणाला विचारावें लागलें नाहीं.