पवित्रा

क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, टेनिसमध्ये तो आपल्याला पळवतो. गोल्फमध्ये मात्र तो बिचारा गवतावर स्वस्थ पडून असतो. पाहणाऱ्याला वाटतं, यात अवघड ते काय? पडल्या चेंडूला काठी मारायची! पण या खेळाची सारी खोच त्या पडून असण्यातच आहे. धावत्या चेंडूपुढे विचाराला सवडच नसते, हात आपोआप चालतात. इथे सवडच सवड. आणि सवड मिळाली की माणूस काय काय करून ठेवतो, ते मी का सांगायला हवं?

मी स्वतः गोल्फ खेळत नाही. मराठीच्या प्राध्यापकाला तो परवडत नाही, आणि शोभतही नाही असं आमच्या घरातलं मत आहे. पण माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सैन्यातून कर्नल होऊन निवृत्त झाला आणि पुण्याला स्थायिक झाला. रविवारी सकाळी त्याच्याबरोबर मैदानभर हिंडण्याचा मान गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. न खेळणाऱ्याला एक फायदा असतो. खेळणारा चेंडू कुठे गेला ते बघतो. मला मात्र चेंडू जाण्याआधीचा माणूस दिसतो.

आपल्याकडे दांडपट्ट्याच्या आणि कुस्तीच्या आखाड्यातला एक नेमका शब्द आहे : पवित्रा. हल्ली पवित्रा फक्त पुढारी घेतात, आणि तोही वर्तमानपत्रातून. पण गोल्फमध्ये तो अजून जुन्या अर्थाने जिवंत आहे. बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात पाच धडे लिहिले, त्यांचंच पुढे पुस्तक झालं. पहिला धडा काठी धरण्याचा, दुसरा उभं राहण्याचा, पाचवा उजळणीचा. म्हणजे खऱ्या चार धड्यांपैकी दोन संपेपर्यंत काठी हललेलीच नाही! होगन हा काही नुसता पढिक पंडित नव्हे. १९४९ साली त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. पुढच्याच वर्षी पाय बांधून तो मैदानात उतरला आणि अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून गेला. पायांविषयी त्याने लिहावं, यात अर्थ आहे.

उभं राहायचं म्हणजे कमरेत पोक काढायचं नाही, तर खुब्यातून वाकायचं. गुडघे जरा सैल सोडायचे. हात खांद्यापासून मोकळे लोंबू द्यायचे. एवढं बहुतेकांना जमतं. खरी फसगत होते ती दिशेत. हौशी खेळाडू पावलं नेमकी झेंड्याच्या रोखाने लावतो आणि खूश होतो. वास्तविक रेल्वेचे दोन रूळ डोळ्यांपुढे आणावेत : बाहेरच्या रुळावर चेंडू आणि त्याचं लक्ष्य, आतल्या रुळावर आपली पावलं. (हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं झालं, डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं. त्यांना त्याची सवय असतेच.) जॅक निकलॉस तर दूरच्या झेंड्याकडे रोख धरण्याऐवजी चेंडूपुढची चार-दोन फुटांवरची एखादी खूण हेरायचा आणि तिच्या रोखाने काठीचं तोंड लावायचा.

आणि मग येतो चेंडू कुठे ठेवायचा हा प्रश्न. या प्रश्नावरून चहाच्या टेबलावर जुनी मैत्री तुटताना मी पाहिली आहे. काठीचं टोक वर्तुळात फिरतं, आणि त्या वर्तुळाचा सगळ्यांत खालचा बिंदू साधारणपणे डाव्या खांद्याच्या खाली येतो. जमिनीवरच्या चेंडूला लोखंडी काठीने मारायचं, तर तो या बिंदूच्या किंचित अलीकडे हवा. म्हणजे आधी चेंडू लागतो, मग गवताची खपली उडते. ड्रायव्हरने मारायचा चेंडू ‘टी’वर चढवलेला असतो. तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर, त्या बिंदूच्या जरा पलीकडे हवा. म्हणजे काठी वर चढता चढता त्याला भेटते. होगन म्हणे, चेंडूची जागा हलवूच नका, फक्त उजवं पाऊल जवळ घ्या. इतर गुरू म्हणतात, काठी आखूड होत जाईल तसा चेंडू मध्याकडे आणा. दोन्ही पंथांत सिद्ध पुरुष झाले आहेत. मला विचाराल तर हौशी माणसाने कोणताही पंथ धरावा, पण रविवारागणिक बदलू नये. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच असते. तेवढ्यात चूक सुधारायला ब्रह्मदेवालाही सवड नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाचा डावा गुडघा बदलला. त्याआधी वर्षभर वहिनी गेली होती. घरात बोलायला कोणी नाही. गोल्फचे तीन सोबती आणि अठरा खड्डे, एवढाच त्याचा संसार उरला होता. गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, पण चेंडू काही सरळ जाईना. उंच उडायचा आणि लेगस्पिनरने हवेत वळवावा तसा उजवीकडे झाडीत जायचा. महिना गेला, दोन गेले. दादा चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडेना. “वय झालं रे,” एवढंच म्हणाला, आणि एका रविवारी फोन करून सांगितलं, “आज येऊ नकोस.” पुढच्या रविवारी मी न विचारताच गेलो. तो सकाळी दहा वाजता पायजम्यात बसला होता. आयुष्यात मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

बळेबळे त्याला मैदानावर नेलं. त्याचा नेहमीचा कॅडी, साठीचा गृहस्थ, सरावाच्या जागी बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. कॅडींना खेळ कळतो यात नवल नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर त्यांच्यातूनच वर आला. हा म्हाताराही अखेर पुढे आला, वाकला, आणि दादाच्या डाव्या टाचेपासून चेंडूच्या दिशेने त्याने एक काठी सरळ आडवी ठेवली.

“कर्नलसाहेब, बोटं नका बघू. टाच बघा.”

गुडघ्याला पीळ बसू नये म्हणून डावं पाऊल बाहेर वळवून उभं राहा, असं दादाला सांगितलेलं होतं. आणि ते बरोबरच होतं. पण पाऊल टाचेवर फिरलं, की टाच जागेवर राहते आणि बुटाचं टोक लक्ष्याकडे सरकतं. दादा चाळीस वर्षं चेंडूची जागा टोकावरून ठरवत आलेला. टोक सरकलं तसा त्याच्या नकळत चेंडूही तीन बोटं पुढे सरकला. मग त्याला गाठायला खांदे डावीकडे वळले, काठी बाहेरून आत आडवी येऊ लागली. तिचं तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राही, आणि चेंडूला फिरकी मिळे. वय, गुडघा, दैव यांचा कशाचाच संबंध नव्हता. संबंध होता तीन बोटांचा!

दादाने चेंडू मागे घेतला. पहिला फटका फसला. दुसराही. तिसरा गेला. तो कसा गेला हे सांगायला मला गोल्फ यायला हवं. पण कॅडीने मान हलवली आणि दादा काही बोललाच नाही, यावरून काय ते समजलो.

सामन्यात अशी काठी आडवी ठेवून उभं राहायला नियमाने बंदी आहे, म्हणून दादा आता घरी गॅलरीच्या फरशीच्या सांध्यावर टाच लावून रोज सकाळी दहा मिनिटं नुसता उभा राहतो. शेजाऱ्यांना ते योगासन वाटतं. गेल्या रविवारी बाराव्या खड्ड्याला त्याचा चेंडू पुन्हा झाडीत गेला. मी धास्तावून त्याच्याकडे पाहिलं. तो खाली वाकून आपल्या बुटाकडे बघत होता.

“टाच बरोबर होती रे!” तो मोठ्या आनंदाने म्हणाला, आणि चेंडू शोधायला काट्यांत शिरला.