रंगाआधी भिंत

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे ठाण्याला राहायला आली आणि डोंबिवलीचा फ्लॅट विकायचं ठरलं. पूर्वेला, टिळकनगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ऐंशीच्या दशकातली चार मजली, बिनलिफ्टची इमारत. एजंटने घर पाहिलं, खाली उतरला आणि रस्त्यावरून मान वर करून म्हणाला, "ताई, घर नीटनेटकं आहे, पण गिऱ्हाईक आधी बिल्डिंग बघतं. दर्शनी बाजूला रंग मारून घ्या, भाव चांगला येईल."

त्याचं म्हणणं खरं होतं. पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ, बिडाच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यात रुजलेला पिंपळ आणि दुसऱ्या मजल्यावर छज्ज्याचं प्लास्टर गळून उघडी पडलेली गंजकी सळई. रंगाने हे सगळं झाकलं गेलं असतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. त्याच वर्षी, मे 2025 मध्ये, कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला होता. त्याआधी 2015 च्या पावसाळ्यात ठाकुर्लीची आणि लगोलग ठाण्यात नौपाड्याची इमारत पडली, तेव्हाही आमच्या जिन्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्यांच्या शेजारी आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यांच्या डोक्यावरची सळई रंगाखाली लपवून निघून जायचं, हे मनाला पटेना.

शिवाय बाहेरची भिंत माझी एकटीची नव्हतीच. फ्लॅट आमचा असला तरी भिंती, गच्ची, जिना, पाइप सगळं सोसायटीचं. सेक्रेटरीकाकांना भेटून मी विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची विनंती केली. सभेत पहिल्या मजल्यावरच्या काकू स्पष्टच बोलल्या, "अगं, तू विकून मोकळी होणार. खर्च आमच्या माथी कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, "काकू, आमच्या वाट्याचे पैसे व्यवहार व्हायच्या आधी, सगळे भरते. नव्या मालकावर ढकलणार नाही." त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सक्तीचं आहे, ते आमचं राहून गेलं होतं. आधी ऑडिट, मग दुरुस्ती, शेवटी रंग, असा ठराव झाला. उपविधीप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हायला हवा. आमचा निधी तुटपुंजा होता, म्हणून उरलेली रक्कम हप्त्यांनी काढायचं ठरलं.

दिवाळीनंतर परांची उभी राहिली. गवंडी हातोडीने भिंत ठोकत जायचा. भरीव जागी आवाज खणखणीत यायचा, पोकळ जागी बद्द. बद्द वाजलं की तिथे खडूने गोल. संध्याकाळपर्यंत पश्चिमेची भिंत खडूच्या गोलांनी भरली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना पैसे कुठे जाणार ते कळलं. इंजिनिअरने समजावून सांगितलं: भेगेतून पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगलेली सळई बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडते. सैल प्लास्टर फोडून सळया तारेच्या ब्रशने घासल्या, गंजरोधक लावलं, पॉलिमर मॉर्टरने भाग भरून काढला. बीम आणि विटांच्या जोडावर चिकनमेश जाळी ठोकून वर दोन थरांत प्लास्टर केलं. पिंपळ नुसता छाटला नाही, मुळासकट काढला. बिडाचे पाइप जाऊन पीव्हीसीचे आले. नव्या प्लास्टरवर रोज पाणी मारायचं काम मुलांनी आनंदाने अंगावर घेतलं. रंगाची घाई कुणी करू दिली नाही. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पहिल्याच पावसात पोपडे धरतो, हे रंगारीही बजावत होता.

रंग फिकट बदामी ठरला. त्याबरोबर लहान लहान कामंही उरकली: जिन्यातल्या लोंबत्या केबल पट्टीत बसवल्या, मीटरबॉक्सला दार लावलं, गंजलेल्या पत्रपेट्या बदलल्या, नावाची पाटी नवी केली. आमच्या दारापुढे कोटा घासून घेतला आणि आईने स्वतः उंबऱ्यावर रांगोळी घातली.

घर पाहायला आलेल्या जोडप्याला मी ऑडिटचा अहवाल, दुरुस्तीची बिलं आणि कामाआधीचे फोटो एकत्रच दिले. गिऱ्हाईक बिथरेल, अशी एजंटला धास्ती होती. झालं उलटं. त्यांच्यातल्या बाईंनी गंजक्या सळईचा फोटो आणि नवा छज्जा दोन्ही बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "आधी काय होतं ते कुणी दाखवलंच नव्हतं आम्हाला. दुसरीकडे सगळीकडे ताजा रंगच बघितला." भावात फार घासाघीस झाली नाही.

घर विकायला काढणाऱ्याने दर्शनी बाजू जरूर सजवावी. पण सोसायटीच्या इमारतीत तो दर्शनी भाग आपल्यामागे तिथे राहणाऱ्यांचं छप्पर असतो. निघताना आपल्या वाट्याचे पैसे आणि खरी माहिती, दोन्ही तिथे ठेवून निघावं. पुढच्या पावसाळ्यात सेक्रेटरीकाकांचा फोन आला. पश्चिमेच्या भिंतीला ओल नव्हती, आणि शेजारच्या सोसायटीने आमच्याच इंजिनिअरला ऑडिटसाठी बोलावलं होतं.