वरच्या पाण्याची गॅरंटी

"मॅडम, ओल तुमच्या घरातच आहे," असं म्हणून त्या माणसाने उचललेली पट्टी पुन्हा जमिनीवर टाकली. कंपनीतर्फे पाहणीला आला होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सावंतवाडीत, ऐन पावसात, चिऱ्याच्या घरात उभं राहून त्याने आम्हाला ओलीची बातमी दिली, आणि तीही अशा स्वरात, की जणू आम्ही कुठलासा जुना आजार लपवून मुलीचं लग्न लावून दिलं होतं. त्या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. पैशांचं दुःख ओसरलं. तो स्वर मात्र अजून डोक्यातून जात नाही.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग माजघर. मागच्या अंगाला आम्ही नंतर स्लॅब टाकून वर एक खोली चढवली. खाली सगळीकडे लाल कोबा. त्याला भेगा गेल्या होत्या, पावसाळ्यात तो घामेजायचा, आणि एका सकाळी सासूबाई त्यावरून घसरल्या, मनगट मोडलं. चकचकीत टाइल्स घालायच्या नाहीत हे त्या दिवशीच ठरलं. त्या तर ओल्या पायाला कोब्याहून वाईट. भाच्याच्या ठाण्याच्या घरात एलव्हीटी पाहिलं होतं, लक्झरी व्हिनाइल टाइल. दिसायला सागवानी फळ्या, पायाला उबदार, भांडं पडलं तरी आवाज नाही. फेब्रुवारीत चौकशी सुरू केली आणि मे महिन्यात काम उरकलं, मिरगाआधी.

हे व्हिनाइल म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. खाली पीव्हीसीचा थर. त्यावर लाकडाचा छापलेला फोटो. हो, फोटोच. त्यावर पारदर्शक थर, ज्याला वेअर लेअर म्हणतात, आणि सर्वांत वर पॉलिश. झिजतो तो वेअर लेअर, म्हणून विचारायचं त्याच्याबद्दल. आपण विचारतो एकूण जाडी. दोन मिलिमीटरची पट्टी की पाच मिलिमीटरची, यावरून टिकाऊपणा कळत नाही. घरासाठी वेअर लेअर ०.३ मिलिमीटर चालतो, वर्दळ असेल तर ०.५ किंवा ०.५५ घ्यावा. काही जण "२० मिल" असं सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा २० मिल म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोर दगडाच्या भुकटीचा असला की तेच एसपीसी होतं. त्याच्या पट्ट्या एकमेकींत खटकन बसतात, गोंद लागत नाही. आमची गोंदाने चिकटवायची होती. वस्तू तशी नवीन नाही. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात व्हिनाइलची जमीन लोकांनी पाहिली होती. आमच्याकडे ती इतक्या वर्षांनी पोचली आणि येताना गॅरंटी घेऊन आली.

दुकानदाराने काउंटरवर काचेच्या वाडग्यात पाणी भरून त्यात व्हिनाइलचा तुकडा बुडवून ठेवला होता. "वयनी, ह्यो सा महिने पाण्यात आसा. बघा, काय झाला?" काहीच झालं नव्हतं. मी तो बाहेर काढून वाकवून पाहिला, पुसला, वास घेतला. "पंधरा वर्सा बघूक नको," तो म्हणाला आणि गॅरंटीचा छापील कागद दिला. शंभर टक्के वॉटरप्रूफ, ठळक अक्षरांत. माजघर आणि वरची खोली, दोन्हींसाठी खोकी घेतली. सासूबाई पडवीत बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी वरसून येणा नाय गो, खालसून येता." आम्ही ते मनावर घेतलं नाही असं नाही. मी दुकानदाराला फोन करून विचारलं. "वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ, वयनी. वरसून काय नि खालसून काय!" हे त्याचं वाक्य मी शब्दशः सांगतेय, कारण पुढे त्याला ते आठवेना.

त्याने पाठवलेली पोरं आली. खोकी टेम्पोतून उतरली तशी फोडली. कोबा झाडला, भेगांत सिमेंट भरलं, डब्यातला गोंद फासला आणि पट्ट्या लावत सुटली. संध्याकाळपर्यंत माजघर तयार. खरं सांगायचं तर छान दिसत होतं. शेजारणी बघायला आल्या. वरच्या खोलीचं काम त्यांना दुसरी ऑर्डर आल्यामुळे राहिलं, "चवथीनंतर करू" म्हणून गेली. ते राहिलं हे आमचं नशीब.

जूनमध्ये काही नाही. जुलैत खोलीत आंबूस वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला असेल. पलंग सरकवले, कपाटं हलवली. मग भिंतीकडेच्या पट्ट्यांच्या कडा उचलल्या जाऊ लागल्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये फट दिसू लागली, आणि फटीवर पाय पडला की खालून पांढरं पाणी वर यायचं. गोंदाची तांदळाची पेज झाली होती. चवथीला चाकरमानी आले तेव्हा माजघरात मोजे घालून फिरणाऱ्या नणंदेचे मोजे जमिनीला चिकटून राहिले. घरभर हसू. मी हसले नाही.

आता या पुढचा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्यावा. दुकानदार म्हणाला, पोरांनी गोंद चुकीचा लावला. पोरं म्हणाली, गोंद दुकानाचा, आम्ही फक्त फासला. दुकानदार म्हणाला, मग कंपनीकडे लिहा. कंपनीला मेल गेली, फोटो गेले, बिल गेलं, पुन्हा बिल गेलं कारण आधीचं "अस्पष्ट" होतं. आणि मग तो इस्त्रीचा शर्ट आला. पट्टी उचलून, ओल बघून, वर दिलेलं वाक्य बोलून त्याने गॅरंटीचा कागद मागितला. मागच्या बाजूला, मला चष्मा लावूनही वाचायला त्रास होईल अशा अक्षरांत, अपवाद छापले होते. त्यातला एक त्याने बोटाने दाखवला: जमिनीखालून येणारी ओल, बाष्प, क्षार यांमुळे झालेलं नुकसान या हमीत धरलेलं नाही.

म्हणजे बघा. गॅरंटी कशाची? वरून सांडलेल्या पाण्याची. माझ्या घरात वरून पाणी सांडतं ते चहाचं, आणि ते मी फडक्याने पुसते. त्यासाठी मला कंपनीच्या हमीची काय गरज? जे पाणी इथल्या प्रत्येक जुन्या घरात दर पावसाळ्यात येतं, आजेसासूबाईंच्या काळापासून येतं, नेमकं तेवढं वगळलेलं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोली इथून तासाभरावर आहे. हे कंपनीला माहीत नसेल, कबूल. पण दुकानदार तर इथलाच. त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला श्रावणात बुरशी येते, मी पाहिली आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "वयनी, कागदार लिवलेला आसा तेच्यापुढे मी काय बोलू?" आणि फोनवर जे बोलला होता ते? "मी तसा बोलललंय?" असं म्हणून तो इतक्या निरागसपणे बघत राहिला, की घटकाभर मलाच शंका आली.

ग्राहक मंचात जा, असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी कुणी कधी गेलेलं नव्हतं. यजमान म्हणाले, दुकानदाराची मुलगी आपल्या पुतण्याच्या वर्गात आहे. विषय तिथे संपला. गावात राहायचं म्हणजे हे असंच.

घडलं होतं काय, ते मला समजावलं म्हापशाकडच्या एका मिस्त्रीने. गोव्यातल्या इस्पितळांच्या जमिनी करणारा. नणंदेच्या ओळखीने आला. त्याने आधी चहासुद्धा घेतला नाही. माजघराच्या कोपऱ्यात उघड्या केलेल्या कोब्यावर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद ठेवला, चारी कडांना टेप मारली आणि म्हणाला, उद्या येतो. निदान सोळा तास तो तसा राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. खर्च काय, तर हातभर प्लास्टिक आणि थोडी टेप. मे महिन्यात हे केलं असतं तर? "मे म्हयन्यात काय कळाचा नाय," तो म्हणाला. "तेव्हा जमीन सुकी. ओल बघूची तर पावसात." आमच्याकडे तर सगळी बांधकामं मिरगाआधी उरकायची रीत.

जांभा सच्छिद्र. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढतं आणि चिऱ्यांतून, मातीतून वर येतं. शेणाने सारवलेल्या जमिनीतून ते हळूहळू हवेत निघून जायचं, कोब्यातूनही थोडंफार जायचं. ज्याला आम्ही कोबा घामेजला म्हणायचो तो हाच प्रकार. व्हिनाइलने ती वाट बंद केली. पाणी गोंदाखाली साठलं, येताना त्याने सिमेंटमधले क्षार आणले, आणि त्या क्षारांनी गोंद खाल्ला. पट्टीला काहीही झालं नव्हतं. वाडग्यातल्या तुकड्यासारखीच ती धडधाकट होती! म्हणजे दुकानदार तांत्रिकदृष्ट्या खरं बोलत होता, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

मिस्त्रीने माजघरात व्हिनाइल घालायला साफ नकार दिला. इपॉक्सीचा ओलरोधक थर देऊन घालता येतं म्हणाला. पण मग ओल जमिनीतून न येता भिंतींतून चढेल आणि गिलावा फुगेल. कोबाच दुरुस्त करून घ्या. गेल्या कित्येक महिन्यांत आपल्या धंद्याचं नुकसान करून बोललेला हा पहिला माणूस.

राहिलेली खोकी दुकानदार परत घेईना. ती या मिस्त्रीने वरच्या खोलीत घातली. ते काम बघण्यासारखं होतं. खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी पडून राहिली. पट्ट्यांना खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते, नाहीतर नंतर त्या आखडतात किंवा फुगतात. स्लॅबवर त्याने प्लास्टिकचा कागद इथेही लावला. कोरडा. अॅल्युमिनियमचा लांब पाइप फिरवून उंचवटे घासले, खळगे भरले, कारण खालचा खडासुद्धा पुढे वर उमटतो. धूळ व्हॅक्यूमने ओढली. खोलीच्या मध्यातून दोरी मारली, तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन तपासला आणि गोंद न लावता पट्ट्या मांडून पाहिल्या, म्हणजे भिंतीकडे बोटभर रुंदीचा तुकडा येऊ नये. चार खोक्यांतल्या पट्ट्या मिसळल्या. दातेरी थापीने गोंद पसरला आणि स्वस्थ बसून राहिला. विडीही ओढेना. गोंदाचा पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक झाला, बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही अशी वेळ आली, तेव्हा कुठे पहिली पट्टी ठेवली. शेजारच्या ओळींचे सांधे निदान वीतभर मागेपुढे. कटरने वर रेघ मारायची आणि वाकवून मोडायची. भिंतीकडे थोडी फट, ती स्कर्टिंगखाली जाते. शेवटी पंचेचाळीस किलोचा रोलर उभा-आडवा फिरवला. तो रोलर जिन्यावरून वर न्यायला तिघे लागले. खाली काम केलेल्या पोरांकडे असली वस्तू नव्हतीच. त्यांनी पट्ट्या पायाने दाबल्या होत्या.

जाताना सांगून गेला: पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावा, उन्हाने पट्ट्या तापून ताणतात. मागे रबर असलेलं पायपुसणं ठेवू नका, त्याचा पिवळा डाग पडतो तो जात नाही. आठवडाभर पोछा नको.

लाकडाच्या फोटोवर चालण्याची मला खरं तर लाज वाटत होती. ज्या गावात चितारआळीत लाकडाची फळं-भाज्या खऱ्या म्हणून हातात घ्याव्यात अशी बनतात, तिथे आम्ही छापील लाकूड आणलं. सासूबाईंनी पहिल्याच दुपारी वर येऊन शोधून काढलं, की एक गाठ पुन्हा पुन्हा येते. "ही बघ, ही पण तीच. आणि ही." त्यांना तो खेळच झाला. आता त्या दुपारी वरच झोपतात, अनवाणी फिरतात, काठी कोपऱ्यात ठेवून. आणि मीही, जिने ही वस्तू पुन्हा घरात नको म्हणून शपथ घेतली होती, पावसात खालच्या कोब्यापेक्षा वरच्या खोलीत जास्त बसते. दुरुस्त केलेला कोबा पुन्हा घामेजतोच आहे.

गेल्या महिन्यात कुडाळच्या मावसबहिणीने फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. व्हिनाइल घालू का, विचारत होती. तिसऱ्या मजल्यावर खालची ओल कुठली, घाल म्हटलं. तिला स्वस्तात मिळत होतं ते आमच्याच दुकानात, म्हणून सोबत गेले. दुकानदाराने ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा घेतला. खोक्यावर बारीक अक्षरांत वेअर लेअर ०.५५ लिहिलेला होता, तो बहिणीला दाखवला आणि रोलर आहे का, असं त्याला विचारलं. "मागवतलंय," म्हणाला. आधी मागव, मग आम्ही पैसे देऊ, असं सांगून आम्ही उठलो.