भट्टीवरच्या पोराचं पुढे काय झालं?

प्रिय मनू,

तुझ्या कादंबरीची प्रकरणं वाचून झाली. फोनवर तू "कशी वाटली?" विचारलंस आणि मी "सविस्तर लिहिते" म्हणाले, ते हे पत्र. छापायला देते आहे, कारण यातलं बरंचसं रहस्यकथा लिहू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल असं मला वाटतं. तू रागावणार नाहीस हे माहीत आहे.

पहिली गोष्ट, तू हा प्रकार निवडलास याचा मला फार आनंद झाला. गाव लहान, खून पडद्याआड, रक्तपाताची वर्णनं नाहीत, आणि तपास करणारी बाई पोलीस नाही की वकील नाही, तिची आपली बेकरी आहे. अशा कादंबऱ्यांना "टाइमपास" म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. जोअन फ्लूक यांची हॅना स्वेनसन मी आवडीने वाचली आहे. मिनेसोटातलं लेक ईडन नावाचं काल्पनिक गाव, तिथलं तिचं 'द कुकी जार' हे दुकान, आणि 2000 साली आलेल्या पहिल्याच पुस्तकात दुकानामागे दूध पोचवणाऱ्या माणसाचा खून. प्रेताभोवती हॅनाच्याच कुकीज विखुरलेल्या! शिवाय पुस्तकात पाककृती छापलेल्या. तिच्याही दहा वर्षं आधी, 1990 मध्ये, डायन मॉट डेव्हिडसन यांनी कोलोरॅडोतल्या एका केटरर बाईला तपासाला लावलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या केरी ग्रीनवुड यांची कोरिना चॅपमन तर मेलबर्नसारख्या मोठ्या शहरात बेकरी चालवते, आणि तिची एक इमारतच तिचं गाव होऊन बसते.

हे शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं. तुझी कादंबरी एका डोंगरातल्या गावात घडते. धुकं आहे, लाकडी पाटी आहे, दालचिनीचे रोल आहेत. छान आहे सगळं, पण ते गाव तुझं नाही, वाचलेलं आहे. तू वाकोल्यात वाढलीस. हायवेपासून कलिन्यापर्यंतच्या या पट्ट्यात सेंट अँथनीचं चर्च, मशीद, गावदेवी, मिलिटरी कॅम्पची भिंत, विद्यापीठाकडे जाणारा रस्ता आणि डोक्यावरून जाणारी विमानं हे सगळं चालत्या पायी येतं. कोण कुठल्या गल्लीत राहतं, कुणाकडे कुणाचं येणंजाणं आहे, कोणाच्या घरी कुठल्या वेळी दिवा लागतो, हे इथे माहीत असतं. लहान गाव म्हणजे आणखी काय असतं?

आपल्याकडे हौशी गुप्तहेर नाहीत असंही नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड यांच्यावर तुझ्या आजोबांची पिढी पोसली गेली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, सायकलवरून फिरणारा शाळकरी पोरगा. त्याच्याकडे ना परवाना ना पिस्तूल. पण यात बायका कुठे आहेत बघ. दुकान चालवणारी, हिशेब ठेवणारी, पन्नाशीची बाई मराठी रहस्यकथेत तपास करताना मला तरी क्वचितच दिसली. ती जागा रिकामी आहे, आणि ती तू भर.

आता बेकरीकडे वळते. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आपल्याकडच्या बायका नानखटाई भाजून घ्यायला बेकरीत जायच्या. रवा, मैदा, पिठीसाखर, घरचं तूप घेऊन जायचं, तिथल्या लांबड्या टेबलावर मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि वाट बघत बसायचं. नुसतं बसायचं नाही, नजर ठेवायची. आपल्या तुपाचा ट्रे दुसरीच्या डालड्याच्या ट्रेबरोबर बदलला जाऊ नये म्हणून एखादी बाई गोळ्यांवर बोटाने खूण करायची, दुसरी वेलदोड्याचा एकच दाणा कोपऱ्यातल्या नानखटाईवर दाबायची. नाताळात ख्रिस्ती घरांतून केकचे डबे तसेच भाजायला यायचे. त्या बाकावर तासन्‌तास बसून कोण काय बोललं, कुणी कुणाकडे बघायचं टाळलं, कुणाचं तूप यंदा कमी झालं, हे सगळं नोंदलं जायचं. तुझी नायिका या बाकावर तयार झालेली असली पाहिजे. तिचं ज्ञान इथून येतं, आणि लोक त्याला भोचकपणा म्हणतात म्हणूनच कुणी तिच्यापासून काही लपवत नाही.

मला विचारशील तर ती ईस्ट इंडियन असावी. कोळे कल्याण आणि वाकोल्याच्या परिसरातली ही जुनी मंडळी. घरात बोली मराठी, कपाटात बॉटल मसाला. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्वतःची संघटना काढताना घेतलं. लग्नघरी फुगे करताना बघितलंयस ना तू? मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवायला पूर्वी ताडी आणि आता यीस्ट. पीठ मुठीत घेऊन अंगठ्याशेजारून दाबायचं, गोळा उकळत्या तेलात पडला की स्वतःच उलटतो. हा पदार्थ तळणीतला, भट्टीतला नाही, पण पीठ कधी 'आलं' हे ओळखणारा हात तोच. अशी बाई घरून ऑर्डरी घेते, मोठी ऑर्डर असली की ट्रे गल्लीतल्या बेकरीत भाजायला पाठवते, आणि म्हणून तिची बेकरीत रोजची ये-जा. दालचिनीच्या रोलची गरजच पडणार नाही.

तुझ्या नायिकेचा धंदा तपासात उपयोगी पडत नाही, हा माझा मोठा आक्षेप आहे. ती केक करते आणि शिवाय गुन्हे शोधते, अशा दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. हॅनाच्या कुकीज बहुतेक वेळा समोरच्याला बोलतं करायला येतात, तेही मला पुरेसं वाटत नाही. ॲगाथा ख्रिस्तीचं बघ. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करून द्यायचं काम करत होती. कुठलं औषध कशात मिसळलं की तळाशी काय बसतं, हे तिला हातांनी माहीत होतं. 1920 मध्ये आलेली तिची पहिली कादंबरी त्याच माहितीवर उभी आहे.

बेकरीला तर स्वतःचं घड्याळ आहे. संध्याकाळी मळलेलं पीठ रात्रभर फुगतं, पहाटे पाव भाजला जातो. लाकडाची भट्टी आधी पेटवून तापवतात, निखारे बाजूला सारतात, ओल्या गोणपाटाने फरशी पुसतात, आणि कारागीर चिमूटभर मैदा आत टाकून तो किती पटकन तांबूस होतो ते बघतो. करपला तर थांबायचं. कडक आचेवर पाव, आच उतरली की नानखटाई, अगदी शेवटी टोस्ट वाळवायला. म्हणजे टोस्टचा ट्रे अजून ओलसर आहे की कडकडीत झालाय, यावरून भट्टी कधी पेटली आणि कधी थंड झाली हे जाणकार बाई सांगू शकते. पिठाचंही तसंच. जुलैतल्या दमट उकाड्यात ते भराभर वर येतं, आणि वेळेत हात लागला नाही तर खाली बसतं, आंबूस वास सुटतो. डॉक्टर मृत्यूची वेळ अमुक ते अमुक अशी ढोबळ सांगतील. परातीत खचलेलं पीठ बघून तुझी नायिका म्हणेल, "हा माणूस दोनला जिवंत असता तर त्याने हे मोडून ठेवलं असतं." असा एक पुरावा सापडला की कादंबरी उभी राहिली समज.

काळ अलीकडचा घे, 2025 चा. त्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं असा आदेश दिला, आणि महापालिकेने त्यासाठी नोटिसा काढल्या. हवेचा विचार केला तर हे व्हायलाच हवं होतं. गल्लीत राहणाऱ्यांच्या छातीत तो धूर जातो. पण एका छोट्या बेकरीवर त्या सहा महिन्यांत काय काय आलं असेल ते मनात आण. नवी भट्टी घालायला पैसा कुठून आणायचा, मालकाने जागाच विकायची ठरवली तर, भावाभावांत मतभेद झाले तर, आणि लाकडाच्या आचेवर हात बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने कुठे जायचं? खुनामागची कारणं इथे आपोआप तयार होतात, आणि उतरत्या आचेचा तुझा पुरावाही शेवटच्या आठवड्यांपुरता जिवंत राहतो.

तू फोनवर 26 जुलैचं म्हणाली होतीस. 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, रस्ते तुंबले, कुणालाच कुठे जाता येईना. चार भिंतींत अडकलेल्या संशयितांची कथा लिहायला याहून सोयीची रात्र नाही, हे मला कळतं. तरी नको. त्या पावसात शेकडो माणसं गेली, आणि त्याच रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-पाव दिला. त्या रात्रीवर मनातून रचलेला खून लादायला माझं मन घेत नाही.

आता मूळ मुद्दा. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात पोलीस भट्टीवरच्या पोराला घेऊन जातात. उत्तर प्रदेशातून आलेला, बेकरीच्या पोटमाळ्यावर झोपणारा. चौथ्या प्रकरणात खरा धागा सापडतो, पाचव्यात नायिका आणि इन्स्पेक्टर चहा घेतात. मनू, तो पोरगा कुठे गेला? सुटला का? कुणी त्याच्या घरी फोन केला का? तू त्याला फक्त वाचकाची दिशाभूल करायला वापरलंस आणि विसरलीस. वस्तीत काही घडलं की संशय आधी कुणावर जातो हे आपण सगळे जाणतो. घरकामाच्या बाईवर, वॉचमनवर, नव्याने आलेल्यावर.

माहीमला ज्यांचं ऑफिस आहे त्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी आपल्या पहिल्या तपासाची गोष्ट मुलाखतींतून सांगितली आहे. त्या तेव्हा एका ऑफिसात साधी नोकरी करत होत्या. बरोबरच्या एका बाईंच्या घरात चोरी झाली होती आणि त्यांचा संशय नव्या सुनेवर होता. पुरावा काही नाही, सून नवी एवढंच. पंडितबाईंनी स्वतःहून पाळत ठेवली, तेव्हा चोर निघाला घरातलाच धाकटा मुलगा. पुढे एका खुनाच्या तपासासाठी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून एका घरात राहिल्या, ती हकीकत जास्त गाजली. मला मात्र सुनेची गोष्ट मोठी वाटते. चोर सापडला नसता तर त्या मुलीने आयुष्यभर त्या घरात कसा घास गिळला असता? ख्रिस्तीची 1958 ची 'ऑर्डील बाय इनोसन्स' याच दुखण्यावर आहे. शिक्षा झालेला मुलगा निर्दोष होता हे खूप उशिरा कळतं, आणि घरच्यांना सुटका वाटण्याऐवजी धसका बसतो, कारण आता प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयाने बघणार.

या कादंबऱ्यांवर माझा जीव आहे तो यासाठी. खुनी पकडायला पोलीस आहेत. ज्याने काही केलं नाही त्याच्याशी गल्लीने पुन्हा नीट बोलावं, यासाठी मात्र त्या माणसाला रोज बघणारं कुणीतरी लागतं. तुझी नायिका ते काम करू शकते. तो पोरगा मध्यरात्री पीठ मोडत होता हे तिला ट्रेवरून, परातीवरून, त्याच्या मनगटावरच्या ताज्या चटक्यावरून कळू दे. त्याला नाव दे, गाव दे, आईशी फोनवर तो कुठली भाषा बोलतो ते ऐकव. आणि तो सुटून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला कोण कोण येतं आणि कोण दुसऱ्या बेकरीत जातं, याचं एक पूर्ण प्रकरण लिही. तिथे घाई करू नकोस.

नवीन प्रकरणं झाली की पाठव. छापील प्रत पाठव, स्क्रीनवर डोळे दुखतात.

तुझी,
मावशी
वाकोला, सांताक्रूझ पूर्व

ता. क. कथानक 2025 चं असेल तर इन्स्पेक्टरच्या तोंडी 302 घालू नकोस. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता 103. आणि साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला तिच्या मर्जीविरुद्ध ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागीच जावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 वाच. म्हणजे तुझ्या इन्स्पेक्टरला तिच्या स्वयंपाकघरात यावंच लागेल, तो मोडा घेऊन बसेल आणि ती तळणीसमोरून उठणार नाही. पाचव्या प्रकरणातला तो कॅफेतला चहा काढून टाक.