ओठ हलविणारा

ज्यास गाणें येत नाहीं त्यानें गाणाऱ्यांत उभें राहूं नये, असें माझें लहानपणापासूनचें मत होतें. मी चौथींत असतांना प्रार्थनेच्या वेळीं गुरुजींनीं मला हळूच सांगितलें होतें, "बाळ, तूं नुसते ओठ हलव." ती आज्ञा मीं पुढें सहा वर्षें निष्ठेनें पाळिली.

गेल्या नोव्हेंबरांत मात्र ठाण्याच्या आमच्या देवळांतील गायनमंडळास पुरुषांचे आवाज कमी पडले, आणि आईनें मला न विचारतांच माझें नांव देऊन टाकिलें. आठवड्यांतून दोन दिवस कल्याणहून संध्याकाळच्या गाडीनें ठाण्यास जावयाचें, असा क्रम सुरू झाला. पेटी वाजविणाऱ्या बाईंनीं माझा सूर ऐकिला. त्या कांहींच बोलल्या नाहींत. फक्त मला एका वृद्ध काकांच्या शेजारीं उभें केलें.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढें आपल्या देशी वळणाचीं अनेक भक्तिगीतें रचिलीं. तीं गातांना सर्वांची चाल एकच असते. शेजाऱ्याचें बोट धरून चालावें तसें गातां येतें. परंतु पाश्चात्य चालीच्या नाताळगीतांत सोप्रानो, आल्टो, टेनर व बास हे चार आवाज एकाच वेळीं चार वाटांनीं जातात. याच ठाण्यांत १८२५ सालीं बिशप हीबर यांनीं इंग्रजी देवळाची प्रतिष्ठा केली. ते स्वतः नांवाजलेले गीतकार होते. तेव्हां हें गायन या गांवास नवें नाहीं; नवा होतों तो मीच. मला टेनर दिला होता, पण कान सोप्रानोकडे ओढ घेई आणि माझा सूर त्याच्यामागें धांवे. तिसऱ्या आठवड्यांत मीं जुनीच युक्ति काढिली. तोंड उघडें, आवाज बंद!

त्या रात्रीं मासुंदा तलावाच्या कांठानें स्टेशनाकडे जातांना काका म्हणाले, "आज तूं गात नव्हतास."

"काका, माझ्यामुळें गाणें बिघडतें."

"अरे, लांब सूर एका दमांत कोणालाच पुरत नाहीं. एकानें श्वास घ्यावा, तेवढा वेळ दुसऱ्यानें सूर धरावा. मग ऐकणाऱ्यास खंड कळत नाहीं. माझा दम आतां कमी झाला आहे. मी श्वास घेतों तो तुझ्या भरंवशावर. तूं नुसते ओठ हलविलेस, तर तेथें भोंक पडतें."

मी खालीं पाहून चालत राहिलों. आपल्या गप्प बसण्यानें दुसऱ्याची अडचण होते, हें मला प्रथमच कळलें. दुसऱ्या दिवसापासून मी काकांचा सूर ऐकून हळू आवाजांत गाऊं लागलों. चुकलों तर आवाज लहान करीं, पण थांबत नसें. कल्याणच्या फलाटावर गुणगुणतांना लोक वळून पाहात, तेंही सोसलें.

२४ डिसेंबरची रात्र आली. देऊळ भरून गेलें होतें. शेवटच्या कडव्याच्या लांब सुरावर शेजारचा आवाज अचानक थांबला. काका श्वास घेत होते! माझे पाय कांपले. पण मीं सूर सोडिला नाहीं. तो किंचित् उतरलाही असेल, परंतु तुटला नाहीं. क्षणभरानें काकांचा आवाज परत येऊन माझ्या आवाजांत मिसळला, आणि मग मीं श्वास घेतला.

घरीं जातांना आई म्हणाली, "तुझा आवाज कांहीं मला वेगळा ऐकूं आला नाहीं हो." तिला वाईट वाटत होतें. मला मात्र याहून मोठें प्रशस्तिपत्रक नको होतें.

माझ्या वर्गांत ओठ हलविणारे आणखीही असतील. मित्रांनो, आपल्या शेजाऱ्यास केव्हां दम लागेल, हें कोणी सांगावें? तेवढ्यापुरता तरी आपला आवाज तयार असूं द्या.