राजा मामा आणि भाचीचा शिक्का



आल्यागेल्या पाहुण्यांना केंब्रिज दाखवणं हे आपल्यासारख्या इथल्या मराठी घरांचं कर्तव्यच! मीही कितीदा तरी गेले. पण क्लेअर कॉलेजच्या चिन्हाला काळी कड आहे आणि तिच्यावर सोनेरी थेंब आहेत, हे फार उशिरा लक्षात आलं. ते अश्रू आहेत, असं सांगतात. हे अश्रू कुणाचे, म्हणून वाचायला घेतलं आणि एलिझाबेथ द क्लेअर ही बाई भेटली.

जन्म १२९५चा. पहिल्या एडवर्ड राजाची नात, म्हणजे दुसरा एडवर्ड हा तिचा सख्खा मामा. एकुलता सख्खा भाऊ १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत मेला, त्याला मूलबाळ नव्हतं. झालं! इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमधली अफाट जमीन तीन बहिणींच्या वाट्याला आली, आणि त्यांच्या लग्नांना एकदम भाव आला. एलिझाबेथचा पहिला नवरा १३१३तच गेलेला. दुसऱ्याने तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यातून पळवून नेलं, तो काही महिन्यांत वारला. तिसरा मामाच्या मर्जीतला होता, पुढे मामावरच उलटला आणि १३२२मध्ये मेला. तिसऱ्यांदा विधवा झाली तेव्हा वय सव्वीस, पदरात तीन मुलं.

आता खरी भाऊबंदकी सुरू झाली. थोरल्या बहिणीचा नवरा, ह्यू डिस्पेन्सर, हा आता राजाचा लाडका. एलिझाबेथला मुलांसह बार्किंगच्या मठात डांबलं. वेल्समधलं तिचं अस्क काढून घेऊन बदल्यात गॉवर दिलं, आणि मग तेही हिसकावलं! तिच्या सल्लागारांना दूर करून, शिक्का मारल्याशिवाय जमीन मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. सांगणारा कोण, तर मामा.

तिने शिक्का मारला. पण १३२६ साली गुपचूप एका नोटरीसमोर सगळं लिहून ठेवलं: काय घडलं, कुणी घडवलं, आणि हे मी भीतीपोटी केलं. त्या वेळी राजा आणि डिस्पेन्सर दोघेही सत्तेवर होते, हे लक्षात घ्या. काय छातीची बाई!

आपल्यातल्या किती जणींनी दोन आठवड्यांच्या भारतफेरीत हक्कसोडपत्रावर सह्या केल्या असतील? माझंही एक कपाटात पडून आहे. भाऊ चांगला आहे, जबरदस्ती वगैरे अजिबात नाही. पण त्यात 'स्वखुशीने' असा शब्द आहे, आणि दर वेळी मी तिथेच अडकते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्पेन्सरला फाशी झाली, आणि अस्क तिला परत मिळालं. नंतरची तेहतीस-चौतीस वर्षं तिने लग्नच केलं नाही. मुलगा विल्यम १३३३ साली आयर्लंडमध्ये मारला गेला. त्याच्या तान्ह्या मुलीचं पुढे तिसऱ्या एडवर्डच्या मुलाशी लग्न झालं. बाई मात्र कारभार बघत राहिली. पाव किती, बीअर किती, घोड्यांना वैरण किती, अशा तिच्या घरखर्चाच्या हिशेबाच्या गुंडाळ्या आजही लंडनच्या सरकारी दप्तरात आहेत. (आमच्या घरी गेल्या महिन्याची बिलं सापडत नाहीत.)

केंब्रिजमधलं एक डबघाईला आलेलं विद्यार्थ्यांचं घर १३३८मध्ये तिने हाती घेतलं, तेच आजचं क्लेअर. १३५९ साली त्याचे नियम घालून दिले, त्यांत प्लेगने माणसं नेल्याचा उल्लेख आहे. पुढच्याच वर्षी ती गेली. आडनाव तिने शेवटपर्यंत पहिल्या नवऱ्याचं ठेवलं, द बर्ग. किताब मात्र माहेरचा: लेडी ऑफ क्लेअर.