ठळक अक्षरातले साल

१९८४ साली ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या प्रकाशकांपुढे एक चमत्कारिक पेच उभा होता. इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश त्यांच्या मालकीचा होता. पण त्यात एका ओळीची भर घालायची, तर ती घालायची कुठे? हा कोश १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ मध्ये पुरा झाला होता. त्यातल्या ४,१४,८२५ नोंदी आणि १८ लाखांहून अधिक अवतरणे शिशाच्या खिळ्यांनी जुळवून छापलेली होती. पुढे रॉबर्ट बर्चफील्ड यांच्या संपादनाखाली १९७२ पासून चार खंडांची पुरवणी निघू लागली. एका शब्दाचा पूर्ण इतिहास पाहायचा, तर वाचकाने मूळ खंड उघडावा, मग पुरवणीचा खंड उघडावा आणि दोन्हींची सांगड स्वतःच घालावी, अशी स्थिती होती.

हे सगळे संगणकात घालून एक करायचे ठरले. या निर्णयातला खरा प्रश्न यंत्राचा नव्हता. संगणकात ठेवायचे ते पानाचे रूप, की पानावरच्या मजकुराचा अर्थ? त्या प्रश्नाच्या उत्तराची ही गोष्ट.

‘मार्कअप’ हा शब्द संगणकाहून जुना आहे. छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर खुणा केल्या जात: हा शब्द ठळक, ही ओळ तिरपी, इथे नवा परिच्छेद. छपाई झाली की या खुणांचे काम संपे. संगणकावर जुळणी सुरू झाली तेव्हा तिनेही प्रथम याच धर्तीच्या आज्ञा उचलल्या. पुढे १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिलांच्या कचेऱ्यांसाठी एक व्यवस्था उभारत होते. तोच मजकूर एका प्रोग्रामने संपादित करायचा, दुसऱ्याने शोधायचा, तिसऱ्याने छापायचा. आणि तिघांच्या खुणांची भाषा मात्र निराळी. गोल्डफार्ब स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले. त्यांनी काढलेली वाट अशी होती, की मजकूर कसा दिसावा हे त्यात लिहूच नये. तो काय आहे, एवढेच लिहावे. ‘हे ठळक’ असे न म्हणता ‘हे शीर्षक’ म्हणावे. मग शीर्षकाचे काय करायचे, ते प्रत्येक प्रोग्रामने आपल्यापुरते ठरवावे. या भाषेला त्यांनी जीएमएल असे नाव दिले. ती तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत. १९८६ मध्ये तिचेच वाढलेले रूप, एसजीएमएल, आंतरराष्ट्रीय मानक ठरले.

एका रूपातून दुसऱ्या रूपात मजकूर नेणारी प्रत्येक स्क्रिप्ट याच कल्पनेवर उभी असते. ती खूण वाचते आणि त्या खुणेसाठी ठरवलेली कृती करते. एकच ‘शीर्षक’ छापील पानासाठी मोठ्या अक्षरांत जाते, अनुक्रमणिकेसाठी एक ओळ होते, पडद्यासाठी दुवा होते. मूळ मजकुराला कोणी हात लावत नाही.

ऑक्सफर्डची अडचण उलट्या टोकाची होती. त्यांच्याकडे दिसणे होते, नावे नव्हती.

जेम्स मरे यांनी या कोशाचे पान आखले ते एकोणिसाव्या शतकात. शीर्षशब्द ठळक, त्यापुढे गोल कंसात उच्चार, चौकोनी कंसात व्युत्पत्ती, मग क्रमांक घातलेले अर्थ आणि प्रत्येक अर्थाखाली बारीक अक्षरांत कालक्रमाने अवतरणे. प्रत्येक अवतरणाचे साल ठळक, लेखकाचे नाव लहान आकाराच्या मोठ्या लिपीत, ग्रंथाचे नाव तिरपे. वापरातून गेलेल्या शब्दापुढे कट्यारीची खूण. वाचकाचा डोळा पानावरून फिरावा आणि त्याला हवे ते अचूक सापडावे, एवढाच मरे यांचा हेतू होता. ते १९१५ मध्ये वारले. कोश पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही, मग संगणकाची गोष्टच दूर.

आधी सारा मजकूर टंकायचा होता. अमेरिकेतील एका कंपनीच्या १२० हून अधिक टंकलेखकांनी सुमारे ३५ कोटी अक्षरे टंकली आणि इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली. या टंकलेखकांनी अक्षरांबरोबर वळणेही नोंदवली: इथे ठळक सुरू, इथे संपले, इथे तिरपे सुरू. शिवाय नोंदीचे काही ढोबळ भाग दाखवणाऱ्या खुणाही घातल्या. पुढे जे घडले त्याचे कौतुक प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आले, आणि ते रास्तही आहे. पण या ३५ कोटी अक्षरांपैकी एकही टंकलेखकाच्या नावाने ओळखले जात नाही. मरे यांना घरोघरून अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी अनेकांची नावे तरी प्रस्तावनांत छापली गेली होती.

वळणांवरून अर्थ काढण्याचे काम कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाशी झालेल्या सहकार्यातून पुढे गेले. तिथे रिक कॅझमन या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. कोशाच्या नोंदीलाही व्याकरण असते, असे धरून त्याने ते नियमांत मांडले आणि ते नियम चालवणारे रूपांतर-यंत्र बनवले. इथे ‘यंत्र’ म्हणजे एक प्रोग्राम. मजकूर डावीकडून उजवीकडे वाचत जाताना त्याला फक्त एवढेच ठाऊक असते, की आपण या क्षणी नोंदीच्या कोणत्या भागात आहोत.

हे का लागावे? तिरपे अक्षर घ्या. अवतरणात ते ग्रंथाचे नाव असते. व्युत्पत्तीच्या चौकोनी कंसात तेच तिरपे अक्षर परभाषेतला शब्द असते. लहान आकाराची मोठी लिपी अवतरणात लेखक दाखवते आणि अन्यत्र ‘अमुक नोंद पाहा’ असे सांगते. ठळक आकडा कुठे अर्थाचा क्रमांक असतो, तर कुठे साल. सुटे अक्षर यंत्राला काहीच सांगत नाही. मात्र अवतरणांच्या परिच्छेदात ठळक चार आकडे आले की नवे अवतरण सुरू झाले हे कळते. त्यापुढची लहान मोठी लिपी म्हणजे लेखक, त्यापुढचे तिरपे म्हणजे ग्रंथ, मग पानाचा किंवा प्रकरणाचा आकडा, आणि त्यानंतर पुढचे ठळक साल येईपर्यंत सारे अवतरणाचे शब्द. डोळ्यासाठी आखलेला क्रम होता. त्यातूनच ‘साल’, ‘लेखक’, ‘ग्रंथ’, ‘अवतरण’ ही नावे बाहेर आली.

हे साधले ते मुख्यतः मरे आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांच्या शिस्तीमुळे. चार दशकांहून अधिक काळ, वेगवेगळ्या संपादकांच्या हाताखाली, साल ठळकच राहिले. जिथे शिस्त सुटली तिथे यंत्र अडले आणि नोंद माणसाकडे परत आली. अशा नोंदी हाताळण्यासाठी आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी एक खास संपादक-प्रोग्राम लिहिला. त्यात नोंदीचे भाग वेगवेगळ्या रंगांत दिसत.

दोन बदल शेजारी ठेवले की या साऱ्या खटाटोपाची मर्यादा दिसते. मरे यांची स्वतःची उच्चारचिन्हे काढून त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली. उच्चार स्वतंत्र खुणेत बंद होता, तेव्हा बाकी मजकुराला धक्का न लावता तेवढाच भाग बदलता येत होता. दुसरा बदल दिसायला किरकोळ होता. जुन्या कोशात प्रत्येक शीर्षशब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत असे. नव्यात फक्त खरोखर मोठ्या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या शब्दांचेच तसे ठेवायचे होते. आता विशेषनाम कोणते आणि साधा शब्द कोणता, हा भेद जुन्या पानाच्या शीर्षशब्दात नव्हताच. स्क्रिप्ट तो आणणार कुठून? जे कोणी कधी वेगळे दाखवलेच नाही, ते कोणतेही रूपांतर वेगळे करू शकत नाही.

मूळ कोश आणि पुरवणी एकजीव होऊन १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली: २० खंड, २१,७३० पाने. काम थोर होते. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. १८८८ मध्ये लिहिलेली व्याख्या आणि १९७६ मध्ये लिहिलेली व्याख्या एकाच नोंदीत, एकाच टाइपात, शेजारी बसल्या. मूळ खंड आणि पुरवणी अलग होते तोवर प्रत्येक ओळीचे वय तिच्या बांधणीवरूनच कळत असे. कोणी ते लिहून ठेवण्याची गरज नव्हती. खंड एक झाले आणि ते वय पानावरून पुसले गेले. व्हिक्टोरियन संपादकाने साम्राज्याबद्दल, स्त्रियांबद्दल किंवा वसाहतींतल्या लोकांबद्दल केलेले विधान १९८९ च्या कोशाचे विधान म्हणून वाचले जाऊ लागले. प्रत्येक अवतरणाचे साल ठळक अक्षरात जपणाऱ्या ग्रंथाने स्वतःच्या वाक्यांचे साल मात्र हरवले. २००० मध्ये कोश ऑनलाइन आला, नव्याने तपासणी सुरू झाली, आणि आता नोंद प्रथम केव्हा प्रसिद्ध झाली हे तिच्यासोबत दिले जाते.

या प्रकल्पावर वॉटर्लूत काम केलेले टिम ब्रे पुढे एक्सएमएलचे एक संपादक झाले. ते मानक १९९८ चे. एक्सएमएलचे रूपांतर करण्यासाठीच घडवलेली एक्सएसएलटी ही भाषा १९९९ मध्ये आली. आज प्रबंधाची एकच फाइल वेबपान, पीडीएफ किंवा वर्डच्या रूपात नेणारा पॅनडॉक हा प्रोग्राम जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिला.

कोशांचा हाच प्रवास मराठीनेही केला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात शोधता येते. मोल्सवर्थनेही खुणा जपल्या होत्या: लिंग एका अक्षराने, संस्कृत किंवा फारसी मूळ एका अक्षराने. बाबा पदमनजींनी याच कोशाचा संक्षेप केला, तोही एका अर्थी रूपांतरच. फक्त तिथे काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे शब्दाशब्दाला माणसाने ठरवले. शिकागोच्या संग्रहात शब्द शोधला की नोंदीसोबत कंसात एक आकडा दिसतो. तो मोल्सवर्थने लिहिलेला नाही. तो छापील प्रतीतल्या पानाचा आकडा आहे, आणि नोंदीबद्दल शंका आली तर ते पान काढून ताडून पाहता येते.